एकेचाळीस कोलूंचे गुण

मी सांगलीची. त्यामुळे आधीच सांगून ठेवते, माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. चेन्नईत येऊन सहा वर्षं झाली. इथलं ऊन माझ्यापुढे काहीच नाही, असं नवरा म्हणतो. तो ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात दिवसभर असतो, त्याला बोलायला काय जातंय! मी घरूनच काम करते. वेबसाइट आणि मोबाइलची ॲप्स बनवते. चांगली बनवते, अशी त्या भाद्रपदापर्यंत तरी माझी समजूत होती.

आम्ही वेस्ट मांबलममध्ये वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालकीण, वसंताक्का. त्या तंजावरकडच्या मराठी. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, पण घरात अजून मराठीच बोलतात. आता ती मराठी कसली, तर निम्मी आपल्या खापरपणजीची आणि निम्मी तमिळ. "मला"ला "मज" म्हणणार आणि "अगं"ला "गे". सुरुवातीला मला काही म्हणजे काही कळायचं नाही. आता सांगलीला फोन केला की माझ्याच तोंडून "मज" निघतं आणि आई विचारते, "बरी आहेस ना गं?"

वसंताक्कांनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. मग डोळ्यांतला पडदा खराब होत गेला आणि चार वर्षांपूर्वी उजेड-अंधार एवढंच काय ते उरलं. बाई मात्र खणखणीत. इस्त्रीची सुती साडी, केसांत मोगरा, आणि कॉफीत साखर जास्त झाली तर करणाऱ्याची खैर नाही.

इथल्या जुन्या मराठी घरांची एक सभा आहे. सभेची नवरात्रात कोलूची स्पर्धा असते. कोलू म्हणजे घरात पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या सजवायच्या. देव, राजे, वाण्याचं दुकान, लग्नाची वरात, ज्याला जे सुचेल ते. परीक्षक घरोघरी जाऊन बघणार, प्रश्न विचारणार, विडा घेऊन निघणार. वसंताक्का सव्वीस वर्षं परीक्षक. दिसेनासं झाल्यावरही त्या जात होत्या. पायऱ्यांवरून हलका हात फिरवायच्या, घरच्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायच्या आणि गुण सेक्रेटरींच्या कानात सांगायच्या.

पण आता सभेची निम्मी माणसं पांगली. कोणी तांबरमच्या पलीकडे, कोणी थेट गुम्मिडिपूंडीला. नऊ दिवसांत कुठं कुठं पोचणार? म्हणून सेक्रेटरी रामस्वामी राव यांनी ठरवलं, यंदा सगळ्यांनी फोटो पाठवायचे आणि परीक्षकांनी मोबाइलवर बघून गुण द्यायचे. ॲप कोण करणार? सभेत सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले आणि मी हात वर केला. मला गप्प बसवतच नाही.

ॲप झालं तेव्हा मी पहिल्यांदा खाली धावले ती वसंताक्कांना दाखवायला. दाखवायला! अक्कल बघा माझी.

त्या फोनच्या काचेवर बोट फिरवतात आणि बोटाखाली जे येईल ते फोन बोलून दाखवतो. याला स्क्रीन रीडर म्हणतात, आणि हे मला माहीत होतं, फक्त कधी वापरताना पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याचा वेग इतका वाढवलाय की मला नुसती फोडणीत मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. माझ्यासाठी त्यांनी तो कमी केला. फोन म्हणाला, "बटन. बटन. चित्र. बटन. चित्र. बटन."

"काय गे कल्पना," त्या म्हणाल्या, "ॲप केलंस की बटनांचं दुकान उघडलंस?"

"अक्का, प्रत्येक बटनावर इतकं गोड चित्र आहे..."

"असेल की. मज सांगितलं कोणी ते?"

मी चित्रं घातली होती, पण चित्रांना नावं दिलीच नव्हती. फोन बिचारा वाचणार काय? आणि गुण द्यायची माझी युक्ती तर विचारूच नका. दहा पणत्यांची ओळ. बोट जेवढं सरकवाल तेवढ्या पणत्या पेटायच्या. मी ती अख्ख्या सभेला दाखवून मिरवले होते. पण वसंताक्कांचं बोट सरकलं की फोनला वाटे त्या वाचतायत. दहा मिनिटं त्या प्रयत्न करत होत्या. एकही पणती पेटली नाही.

मी आधी फोनवर चिडले, मग पणत्यांवर, मग लक्षात आलं की जिच्यावर चिडावं अशी तिथं एकच बाई आहे आणि तिनं सांगलीहून डिग्री आणलीय.

नेमके त्याच वेळी रामस्वामी आले. हे निवृत्त हेडक्लार्क. माणूस वाईट नाही, पण काखेत सभेच्या नियमांची वही असल्याशिवाय तो दूध आणायलाही जात नसेल. खुर्चीत बसून त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "वसंता, यंदा सगळं फोटोवर. तेव्हा समितीनं ठरवलंय, तुला मानद परीक्षक करायचं. पहिल्या रांगेत बसायचं, दिवा लावायचा, शाल घ्यायची."

"शाल? चेन्नईत?" वसंताक्का म्हणाल्या. "मज शाल नको रामस्वामी. मज गुण द्यायचे आहेत."

"मी शेजारी बसून सांगते ना फोटोत काय आहे ते," मी मध्ये तोंड घातलं.

"तसं चालत नाही." त्यांनी वही उघडली. परीक्षकाचे गुण निकालापर्यंत सेक्रेटरीखेरीज कोणाला कळता कामा नयेत, असा नियम; आणि यंदा ॲप आल्यामुळे तेवढीही सूट नाही. सहा वर्षांपूर्वी एका परीक्षकाच्या भाचीनं गुण फोडले होते आणि त्यावरून दोन घरं अजून एकमेकांच्या लग्नामुंजीला जात नाहीत. म्हणून नियम कडक. वसंताक्कांना परीक्षक राहायचं असेल तर येतील तेवढ्या सगळ्या कोलूंना त्यांनी एकटीनं, ॲपमधूनच, अष्टमीच्या संध्याकाळी सहाच्या आत गुण द्यायचे. एक जरी राहिला तरी गुण बाद, आणि पुढच्या वर्षीपासून परीक्षकांच्या यादीत नाव नाही.

"सरी," वसंताक्का म्हणाल्या. म्हणजे ठीक आहे.

ते गेल्यावर मात्र त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "शाळा गेली गे. चित्रं गेली. रस्ता एकटीनं ओलांडायचं गेलं. हे एवढं एक राहिलंय, जिथं लोक मज विचारतात की अक्का, हे कसं आहे म्हणून. हे पण गेलं तर मी म्हणजे या घरातली एक खुर्ची."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी म्हटलं, "अक्का, नवरात्र बसायला बारा दिवस आहेत. तुम्ही या ॲपमध्ये घरासारख्या फिराल. नाही फिरलात तर मी बॅग भरून सांगलीला."

"भाडं देऊन जा," त्या म्हणाल्या.

कामाला लागले. वेडीसारखी लागले. पणत्या काढून टाकल्या आणि साधी एक ते दहा आकड्यांची यादी ठेवली. प्रत्येक बटनाला नाव दिलं. आणि एकदा हात चालायला लागल्यावर काय थांबतेय? जे जे चित्र दिसलं त्याला वर्णन देऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी मी ऐटीत खाली गेले.

वसंताक्कांनी बोट फिरवलं. फोन बोलू लागला, "पांढरी रांगोळी. लाल काठाची पांढरी रांगोळी. पांढरी रांगोळी. लाल काठाची..." पानाच्या चारी बाजूंना मी शोभेची किनार लावली होती. बत्तीस रांगोळ्या. फोन एकेक करून सगळ्या वाचत होता आणि पानावरचा मजकूर काही येत नव्हता.

"अय्यो, बास!" वसंताक्का ओरडल्या. "इतक्या रांगोळ्या घातलंस, मी पाय ठेवू कुठं? घरात शिरू दे की मज!"

आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. त्यांनी मला मग शिकवलं, अगदी शाळेत शिकवत असतील तसं. जे कामाचं आहे ते थोडक्यात सांगायचं. जे नुसतं शोभेचं आहे त्याबद्दल फोननं गप्प बसायचं. पानाला मथळे हवेत, म्हणजे त्यांना उड्या मारत हवं तिथं जाता येतं. चूक झाली तर लाल रंग दाखवून भागत नाही, काय चुकलं ते शब्दांत लिहायचं. दहा वर्षं मी या धंद्यात आहे, हे सगळं कुठंतरी वाचलेलंही होतं. पण एक बाई समोर बसून "हे बघ, इथं मी अडकले" म्हणते तेव्हा जे कळतं ते वेगळंच. सर्वपित्रीच्या दिवशी त्यांनी ॲप सुरू केलं, आत गेल्या, नमुन्याच्या कोलूला सात गुण दिले, बाहेर आल्या. दीड मिनिट. मी जिन्यात नाचले.

आता एकच गोष्ट उरली होती, फोटोत काय आहे ते. त्यासाठी मी स्पर्धकांच्या अर्जात एक सक्तीची चौकट ठेवली आणि तिच्यावर लिहिलं, "विवरण". एवढंच. मला वाटलं, ज्याला त्याला कळेल.

तृतीयेला अर्ज बंद झाले. एकेचाळीस कोलू. मी कॉफी घेऊन खाली बसले आणि वसंताक्कांनी पहिलं विवरण लावलं. हे विवरण सगळ्यांना खुलं होतं, त्यामुळे मी ऐकलं तरी चालत होतं. तांबरमच्या रंजनीबाईंचं होतं. "तंजावरच्या राजवाड्यात लेखनिक असलेले कैलासवासी बापूराव यांची आम्ही पाचवी पिढी. आमच्या घरी सत्तावन्न वर्षं अखंड कोलू आहे. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून पोस्टाच्या मागची दुसरी गल्ली. रोज संध्याकाळी सहानंतर सहकुटुंब येऊन विडा-सुपारी घेऊन जावी. शुक्रवारी चण्याचं सुंडल."

दुसरं लावलं. त्यात सहा पिढ्या आणि मुगाचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली नवरात्रातली कोरडी उसळ. तिसऱ्यात कुलदैवत, गोत्र, आणि लिफ्ट बंद असल्याबद्दल दिलगिरी. कोणी विवरण म्हणून नुसतं लिहिलं होतं, "कोलू अतिशय सुंदर आहे. फोटो पाहावा."

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. या लोकांना कोलूबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या की ती आमंत्रणपत्रिकाच होणार! पिढ्यान्‌पिढ्या कोलूबद्दल ते दुसरं काही लिहीतच आलेले नाहीत.

"एकेचाळीस घरांचं आमंत्रण गे!" वसंताक्का पदरानं डोळे पुसत होत्या, हसून हसून. "वर्षभर सुंडल खाईन मी. पण गुण कशाला देऊ? आजोबांना?"

मग हसणं थांबलं. पाच दिवस उरले होते आणि त्यांच्या हातात एकाही कोलूची एकही बाहुली नव्हती. त्या एकेक विवरण लावत राहिल्या. मी नखं खात राहिले. सव्विसावं लागलं, मालोजी नावाच्या गृहस्थांचं. हे ओरगडमला गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या कामावर आहेत, आणि त्यांनी आपल्या कोलूचंही तेच केलं होतं.

"पायऱ्या सात. कापड पांढरं. तिसऱ्या पायरीवर उजव्या टोकाला कॉफीचा डाग, एक. पायरी पहिली, वरून: मध्ये कलश. डावीकडे लाकडी राजा-राणी, तांबूस. राजाच्या नाकाचं टोक उडालेलं. पायरी दुसरी: दशावतार, संख्या नऊ. वामन दोन वर्षांपूर्वी फुटला, बदली आलेला नाही. पायरी तिसरी: लग्नाची वरात, घोडा एक. पायरी चौथी: वाण्याचं दुकान, वाणी पोटासह उत्तम स्थितीत. पायरी पाचवी: डावीकडे अर्धा इंच कललेली. पायरी सहावी: क्रिकेटचा संघ, खेळाडू अकरा, पंच नाही. पायरी सातवी: बाग, झाडं चार. शेरा: एकंदर स्वीकारार्ह."

वसंताक्कांनी ते तीनदा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी हवेत हात धरला आणि पायरी पायरी करत खाली आणला. "मज दिसलं गे," त्या म्हणाल्या. "दिसलं की! नाक उडालेला राजा, अन् पाचवी पायरी कललेली. फोटो बघणाऱ्यांना तरी हे दिसलं असेल का?"

मी तश्शी रामस्वामींकडे. म्हटलं, बाकीच्या चाळीस जणांना असंच लिहून पाठवायला सांगा. ते म्हणाले, "मुदत संपली. अर्जात आता बदल करता येत नाही."

"म्हणजे तुमची वही महत्त्वाची आणि माणूस नाही?" माझा आवाज शेजारच्या बिल्डिंगपर्यंत गेला असणार, कारण तिथं एक खिडकी उघडली. मी आणखी बरंच बोलले. सगळं इथं लिहीत नाही.

रामस्वामी शांतपणे म्हणाले, "मी नियम मोडला, तर उद्या लोक म्हणतील वसंताला सवलत दिली. मग तिच्या गुणांना काय किंमत?"

हे मला सुचलं नव्हतं. मी तोंड पाडून घरी आले आणि वसंताक्कांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सतरावा नियम वाचला का त्यानं?" आणि त्यांनी स्वतःच फोन लावला. "रामस्वामी, सतरावा वाच. मोठ्यानं."

फोनवर पानं उलटल्याचा आवाज. मग रामस्वामी वाचू लागले, "परीक्षकास कोलूसंबंधी कोणताही प्रश्न विचारण्याचा अधिकार असेल, व यजमानाने त्याचे उत्तर देणे बंधनकारक असेल." ते थांबले. "हा घरोघरी जात होतो तेव्हाचा."

"खोडलाय का?"

"खोडलेला नाही." पलीकडे चक्क हसल्याचा आवाज आला. "अजून लागू आहे."

आणि बघा, नियमात बसलं म्हटल्यावर तो माणूस असा पेटला! चाळीस घरांना त्यांनी स्वतः फोन केले. "प्रश्न येतील. उत्तर बंधनकारक आहे," असं दरडावून सांगितलं. मी एका दिवसात ॲपमध्ये प्रश्नोत्तराची सोय केली. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांना बोलून उत्तर देता यावं म्हणून एक बटन ठेवलं, आणि त्या बटनाला नाव आहे ना हे चारदा तपासलं. वसंताक्कांचे प्रश्न सगळ्यांना तेच होते. पायऱ्या किती? प्रत्येकीवर डावीकडून उजवीकडे काय? मागे कोणता रंग, पुढे कोणता? काय फुटलंय, काय नवं आहे, आणि तुमची लाडकी बाहुली कोणती?

उत्तरं यायला लागली आणि आमचं खालचं घर भरून गेलं. माणसं आपल्याच कोलूसमोर उभी राहून पहिल्यांदा नीट बघत होती. एका गृहस्थांना मोजता मोजता कळलं की त्यांचा कृष्ण पहिल्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून मुरली वाजवतोय. एका घरात मागचा पडदा निळा की हिरवा यावरून नवरा-बायकोचं जे जुंपलं ते सगळं रेकॉर्ड होऊन आलं, शेवटी बाई म्हणाल्या, "अक्का, मोरपंखी लिहून घ्या, यांना काही कळत नाही." गुम्मिडिपूंडीच्या तुळजाबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी बोलूनच उत्तर दिलं, "इरु गे इरु, थांब, चष्मा घेते. हं. पहिली पायरी. गणपती. त्याच्या शेजारी... अय्यो, हा हत्ती कुणाचा? आमचा नव्हे हा!" मग शेजारणीला हाक, मग हत्तीची चौकशी, आणि सगळं आमच्या कानावर.

वसंताक्का ऐकायच्या, परत लावायच्या, खुदकन हसायच्या, आणि गुण द्यायची वेळ आली की मला बोटानं दार दाखवायच्या. मी निमूट बाहेर. माझ्या आयुष्यात मी कोणाचं इतकं ऐकलेलं नाही.

अष्टमीला सव्वापाचला खालून हाक आली. "कल्पना! सगळं गेलं!"

मी चार-चार पायऱ्या उतरले. वसंताक्का फोन हातात धरून उभ्या होत्या आणि फोन म्हणत होता, "सुरक्षिततेसाठी तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे." दहा मिनिटं काचेला बोट लागलं नाही तर ॲप आपोआप बंद व्हावं, असं मीच करून ठेवलं होतं. सगळ्या ॲपमध्ये करतात म्हणून केलं होतं. आणि वसंताक्का तुळजाबाईंचं चौदा मिनिटांचं उत्तर डोळे मिटून ऐकत होत्या. गुण पान पुरं झाल्यावर साठायचे, हीही माझीच हुशारी. पहिल्या दोन पानांचे तीस राहिले होते. शेवटच्या पानावरचे दहा गेले, आणि तुळजाबाईंचे द्यायचेच होते.

"अक्का, माझं चुकलं," मी म्हटलं. मला रडूच यायला लागलं.

"रड नंतर. ते बाहेर काढणं बंद कर आधी. गुण मज पाठ आहेत."

मी वर धावले. ती दहा मिनिटांची अट काढली, गुण दिल्या क्षणी साठतील असं केलं, तपासलं, खाली आले तेव्हा पावणेसहाला पाच कमी होते. दारात रामस्वामी उभे, मनगटाकडे बघत. वसंताक्का आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही दोघं बाहेर पायरीवर. आतून फोनची फोडणी सुरू झाली, तडतड तडतड, पूर्ण वेगानं. एक अक्षर कळत नव्हतं, गुप्ततेची काळजीच नको. मी रामस्वामींना झाल्या प्रकाराबद्दल सांगितलं. ते वही उघडून भराभर पानं चाळायला लागले. "ॲपच्या दोषामुळे मुदतवाढ," ते पुटपुटत होते. "असं काही असायला हवं. असायलाच हवं." पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. असा नियम नव्हता. त्यांचा चेहरा इतका उतरला की मीच त्यांना पाणी आणून दिलं.

सहाला चार मिनिटं कमी असताना दार उघडलं. "झाले एकेचाळीस," वसंताक्का म्हणाल्या. "आता काफी कोण करतंय?"

रामस्वामींनी केली. साखर जास्त झाली होती. वसंताक्कांनी ती मुकाट्यानं प्यायली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दसऱ्याला सभेच्या हॉलमध्ये निकाल. प्रत्येक परीक्षकानं कोणाला किती गुण दिले ते भिंतीवर लावलेलं. तिन्ही परीक्षक स्टेजवर, वसंताक्का मध्ये. मी कडेला. पहिलं बक्षीस गुम्मिडिपूंडीच्या तुळजाबाईंना, तीनच पायऱ्यांच्या कोलूला, आणि टाळ्या अशा पडल्या की पंखे थांबतील. मालोजींना तिसरं. वसंताक्कांनी त्यांचे कललेल्या पायरीचे गुण कापले होते. पायरी कललीय हे त्यांनीच लिहिलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. ते बक्षीस घेऊन म्हणाले, "कापणं योग्य आहे," आणि समाधानानं जागेवर जाऊन बसले.

जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली तेवढ्यात तांबरमच्या रंजनीबाई तरातरा आल्या. भरजरी साडी, नाकात हिरा, आणि रागानं लाल. त्या दुसऱ्या परीक्षकांकडे बघायलाही थांबल्या नाहीत. थेट वसंताक्कांसमोर.

"अक्का, मज सहा? दहापैकी सहा? सत्तावन्न वर्षं कोलू आहे आमच्याकडे! नऊ पायऱ्या, सव्वादोनशे बाहुल्या! अन् सहा?"

रामस्वामी लगबगीनं पुढे आले, "रंजनी, अशा वेळी, वसंताला..." मी पण बाह्या सरसावल्या. माझ्या अक्कांवर आवाज चढवते म्हणजे काय!

वसंताक्कांनी हात वर करून आम्हा दोघांना थांबवलं. "सव्वादोनशे आहेत म्हणूनच सहा. एकीला श्वास घ्यायला जागा नाही. अन् तूच लिहिलंस, मागे गुलाबी पडदा, पुढे गुलाबी दिवे, अन् मध्ये गुलाबी साडीची लक्ष्मी. लक्ष्मी दिसणार कशी? पडद्यात शिरली ती!"

"तो रंग यंदा चालतो! सगळीकडे तोच आहे!"

"दुकानात चालतो. कोलूत नाही. शाळेत असतीस तर वही परत दिली असती."

"तुम्ही नेहमी तांबरमवाल्यांना कमी देता! मागं माझ्या जाऊबाईंनाही पाच दिले होतेत!"

"तिला चारच द्यायचे होते!"

पाचेक मिनिटं चाललं. दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नव्हत्या. लोक पानं सोडून गोळा झाले. शेवटी रंजनीबाई "पुढच्या वर्षी बघा" म्हणून पाय आपटत निघाल्या, आणि मी धावत वसंताक्कांपाशी गेले. त्यांचा हात धरला. मला वाटलं, लागलं बोलणं त्यांना.

चेहरा बघितला तर काय! लग्नातल्या नवरीचा नसेल असा फुललेला.

"ऐकलंस गे?" त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "भांडली माझ्याशी. चार वर्षं झाली, सगळे माझ्याशी हळू बोलतात. पाचच्या जागी चार दिले तरी छान अक्का, बरोबर अक्का. आज पहिल्यांदा कोणी नीट भांडलं."

मला बोलता येईना. मला, म्हणजे बघा.

वसंताक्कांनी पदर सारखा केला, मान वर केली आणि हॉलभर ऐकू जाईल असा आवाज दिला, "रंजनी! कुठं पळतेस? तुझ्या तिसऱ्या पायरीचं बोलायचं राहिलंय अजून!"

रंजनीबाई दारातून परत फिरल्या. येताना वाटेतली एक खुर्ची ओढत आणली, वसंताक्कांच्या समोर ठेवली आणि बसून म्हणाल्या, "बोला. काय वाईट आहे तिसऱ्या पायरीत?"